श्रमदानाचं बिल

गेल्या महिन्यात टपालानं लेकीच्या फुटबॉल क्लबचं पत्र आलं. तुमच्या कुटुंबानं वर्षभरात १० पैकी ४ तासच काम केलं आहे, उरलेल्या ६ तासांचे ९० युरो चौदा दिवसांत भरा. खाली खाते क्रमांक, सही, शिक्का.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले.

इथे जर्मनीतल्या खेड्यात क्लब म्हणजे ‘फेराइन’. आपल्या तालीम मंडळासारखाच, पण नोंदणीकृत, घटनेसकट. सभासदानं वर्गणी तर द्यायचीच, वर वर्षाला ठरावीक तास राबायचं: गवत कापायचं, कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, रविवारच्या मॅचला काउंटरवर उभं राहून सॉसेज विकायचं. केलेल्या प्रत्येक तासावर कुणाची तरी सही घ्यायची. मी उन्हाळ्याच्या स्पर्धेला पहाटे उठून तीन ट्रे शिरा करून नेला होता. तो पोरांनी पुसून खाल्ला, पण तासांत धरला नाही, कारण सही घ्यायची राहिली.

माझं घर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. बाबांच्या खांद्यावर बसून मी शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाच्या मॅच बघितल्यात. पाटाकडील तालीम किंवा प्रॅक्टिस क्लब या शहरातल्याच संघांबरोबर मॅच असली की आमच्या घरात आदल्या रात्रीपासून कुणी धड जेवत नसे. त्या पेठेत कुणी कुणाचे तास मोजलेले मला आठवत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा तालमीतली पोरं गळ्याइतक्या पाण्यात उतरून माणसं काढत होती. बाबा गुडघेदुखी घेऊन तीन दिवस पूरग्रस्तांच्या चुलीपाशी उभे होते. त्यांना कुणी कागद पुढे करून सही कर म्हणालं असतं तर? श्रमदानात दान आहे. त्याचं बिल कसं येतं? मी हे सगळं नवऱ्याला ऐकवलं, शेजारणीला ऐकवलं, आणि जर्मन लोकांना मन नसतं, नुसती वही असते, असंही बोलून गेले. ते चूक होतं. पण त्या दिवशी बोलले, म्हणून इथेही लिहिते.

पैसे मात्र भरायचे नाहीत असं ठरवलं. सहा तास काढायचे. क्लबच्या घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं, त्यासाठी माळा रिकामा करायचं काम निघालं. मी दोन शनिवार मागून घेतले.

माळ्यावर फाटक्या जाळ्या, करंडक, कुणाचे तरी एकटे पडलेले बूट आणि एक जाड वही. पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला, आत जानेवारी १९४६ पासूनची सभांची नोंद. तिचं एक पानही मला वाचता येईना. मला वाटलं माझं जर्मन कच्चं आहे, पण माझ्याबरोबरच्या विशी-तिशीतल्या पोरांनाही एक ओळ लागत नव्हती. जुनी वळणदार लिपी आहे ती. ती शाळांतून शिकवणं १९४१ मध्ये बंद झालं. म्हणजे यांची मोडी. आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद आमच्या घरात असेच पडून आहेत, जमिनीचे आहेत की उधारीचे हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. इथे मात्र एक वाचणारी होती. गावातली सगळी तिला ओमा म्हणतात, म्हणजे आजी. वय नव्वद. तिला ही लिपी तिच्या आईनं घरी शिकवली होती. दुसऱ्या शनिवारी ती काठी टेकत आली, काउंटरमागे बसली आणि वाचायला लागली. माझे तास कधी संपले ते कळलं नाही. त्या दिवशी मी सही घ्यायचीही विसरले.

हे गाव उत्तर हेसे प्रांतात, कासल शहरापासून पाऊण तासावर. युद्धानंतर हा भाग अमेरिकनांच्या ताब्यात होता. १७ डिसेंबर १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळानं निर्देश क्रमांक २३ काढला: शरणागतीआधीच्या सगळ्या क्रीडा संस्था १ जानेवारीपर्यंत विसर्जित. नवा क्लब काढायचा तर फक्त स्थानिक पातळीवर, लष्करी अधिकाऱ्याच्या परवानगीनं. नेमबाजी, तलवारबाजी, ग्लायडिंग असलं लष्करी वळणाचं काही चालणार नाही. फुटबॉल चालेल, पण पुढारीपण करणारे कोण आहेत ते तपासून. त्यासाठी १३१ प्रश्नांचा फॉर्म. नाझी पक्षात होतात का, कोणत्या पदावर होतात, कधीपासून.

ओमा सांगत होती, या एवढ्याशा गावात १९३३ पूर्वी दोन क्लब होते. एक शेतकऱ्यांचा, एक खाणीवर आणि रेल्वेत काम करणाऱ्या कामगारांचा. दोन्हीतली पोरं एका बाकावर बसत नसत. नाझी आले तसे देशभरातले कामगारांचे क्रीडा संघ बंद केले गेले, त्यांची मैदानं आणि सामान जप्त झालं. ज्यू सभासदांना तर बहुतेक क्लबांनी स्वतःहून बाहेर काढलं. १९४६ मध्ये परवानगी मागायला गेले तेव्हा अध्यक्ष म्हणून डाग नसलेला माणूस हवा होता, आणि तो सापडला कामगारांच्या क्लबात. बारा वर्षं ज्यांचं तोंड बघितलं नव्हतं त्यांच्या दारात शेतकरी गेले, तेव्हा कुठे गावाला एकच क्लब मिळाला.

त्याआधीची वही कुठे आहे, असं मी विचारलं. ओमानं माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. मैदानाच्या कडेला दगड आहे, त्यावर युद्धात मेलेल्या खेळाडूंची नावं कोरली आहेत. १९३३ मध्ये ज्यांना हाकललं त्यांचं नाव कुठेच नाही. या लोकांच्या नोंदी ठेवण्याचं मला अतिशय कौतुक आहे आणि पुढेही करणार आहे, पण हे लिहिल्याशिवाय ते करता येणार नाही.

आता तो १९४६-४७ चा हंगाम.

पहिली अडचण अकरा माणसांची. गावातले विशी-तिशीतले पुरुष मेलेले, नाहीतर कैदेत. फ्रान्समध्ये, रशियात, ब्रिटनमध्ये. रशियातले शेवटचे कैदी तर १९५५ मध्ये चान्सलर आडेनाउअर मॉस्कोला जाऊन आले त्यानंतर सुटले. क्लबच्या संघात शाळकरी पोरं आणि चाळिशी ओलांडलेले बाप. दोनदा आठच जण मैदानात उतरल्याची नोंद आहे.

दुसरी अडचण कपड्यांची. वहीत एक ओळ आहे: ‘सदऱ्यांसाठी लाल कापड जमा करणे.’ कसलं लाल कापड, हे लिहिलेलं नाही. ओमानं सांगितलं. घराघरांत स्वस्तिकाचे झेंडे पडून होते, ठेवणं गुन्हा आणि जाळावं तर चांगलं कापड. बायकांनी मधलं पांढरं वर्तुळ उसवून काढलं आणि उरलेल्या लाल कापडाचे सदरे शिवले. तसं तेव्हा पुष्कळ ठिकाणी केलं गेलं. धुतल्यावरसुद्धा पाठीवर वर्तुळाची गोल खूण दिसायची, कारण बाकीचं कापड उन्हानं विटलं होतं आणि तेवढंच गडद राहिलं होतं.

चेंडू एक. ब्लॅडर इतक्या वेळा पंक्चर काढलेला की सायकलवाल्यालाच क्लबचा मानद सभासद करून घेतलं. दुसऱ्या गावी मॅच असली की चालत किंवा सायकलनं जायचं, नशीब असलं तर लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या ट्रकमधून. चढ आला की खेळाडूंनीच उतरून ट्रक ढकलायचा.

आणि भूक. रेशनचं प्रमाण दिवसाला १५५० कॅलरी ठरलेलं, प्रत्यक्षात त्याहून कमी मिळायचं. खेड्यात निदान बटाटे होते. २२ ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात कासलचा गाभा जळून गेला होता. तिथली माणसं गालिचे, घड्याळं घेऊन गावोगाव फिरायची आणि पिशवीभर बटाटे घेऊन परतायची. शहरातले नावाजलेले संघही खेड्यात खेळायला यायचे, मानधन म्हणून पोटभर जेवण आणि सोबत न्यायला शिधा. अशा मॅचना लोक ‘कॅलरी सामने’ म्हणत. आमच्या क्लबनं तसा एक सामना ठेवला आणि पाहुण्यांना जेवायला घालता घालता स्वतःच्या खेळाडूंना काही उरलं नाही, अशी तक्रार खजिनदारानं नोंदवली आहे.

पण माझं मन अडकलं ते निर्वासितांच्या पानांवर. १९४६ च्या सुरुवातीपासून चेकोस्लोव्हाकियातून सुडेटन जर्मनांच्या, म्हणजे तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जर्मन भाषकांच्या, आगगाड्या हेसेत यायला लागल्या. एका मालडब्यात ३० माणसं, माणशी ५० किलो सामान. पूर्वेकडून हाकलली गेलेली जर्मन माणसं एकूण सव्वा कोटीच्या आसपास होती. सरकारनं त्यांना शेतकऱ्यांच्या घरांत जबरदस्तीनं खोल्या मिळवून दिल्या. गाव प्रोटेस्टंट, आलेले कॅथलिक. बोली वेगळी, सण वेगळे. गावकरी त्यांना ‘पाठपिशवीवाले जर्मन’ म्हणून हिणवायचे. ओमा त्यांच्यापैकीच. दहा वर्षांची असताना ती आई आणि थोरल्या भावाबरोबर इथे उतरली. ज्या शेतकऱ्याच्या घरी खोली मिळाली त्यानं पहिल्या दिवशी चुलीवरची भांडी उचलून आत नेऊन ठेवली होती, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

भाऊ गोलकीपर होता. क्लबला गोलकीपर नव्हता. तरी त्याला घ्यावं की नाही यावर दोन सभा झाल्या. शेवटी घेतलं, पण संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे कंसात ‘निर्वासित’. प्रत्येक मॅचला, प्रत्येक यादीत. मी ते पुन्हापुन्हा बघत होते. लेकीच्या क्लबमधल्या पहिल्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं होतं, ही मूळची कुठली? तिचा जन्म कासलचा आहे.

मी ओमाला वळिवड्याबद्दल सांगितलं. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-मुलं. सायबेरियातून, इराणमधून आलेली. त्यांना शाळा काढू दिल्या, चर्च बांधू दिलं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं, जिथून आम्ही दिवाळीचे कपडे आणायचो. मला अभिमान वाटत होता, आवाजातही आला असणार. ओमानं विचारलं, “तुमच्या पेठेतल्या संघात कुणी पोलिश पोरगा खेळला का?” मला उत्तर देता आलं नाही. छावणी स्वतंत्र होती, शहरापासून लांब होती, मुलं लहान होती. ही सगळी कारणं खरीच आहेत, आणि मी ती तिला भराभर सांगितली.

त्या डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जी थंडी पडली तिला जर्मन लोक आजही ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. नद्या गोठल्या, कोळशाच्या बोटी अडकल्या, शाळा बंद. तीन महिने सामना नाही. मैदान म्हणजे नदीकाठचं कुरण, त्याचा अर्धा भाग गावानं बटाटे लावायला घेतला होता. मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि उरलेल्या अर्ध्यावर गाळ बसला.

एप्रिलच्या सभेचा ठराव ओमानं सावकाश वाचला. गावाबाहेरच्या उतारावर नवं मैदान करायचं. १६ वर्षांवरच्या प्रत्येक सभासदानं फावडं घेऊन ठरलेले तास काम करायचं. जो येणार नाही त्यानं प्रत्येक तासामागे बटाटे द्यायचे, ते काम करणाऱ्यांच्या जेवणात जातील. खाली तक्ता: नाव, तारीख, तास, सही.

तोच तक्ता आजही आहे. रकाने तेच, बटाट्यांच्या जागी युरो.

एक गोष्ट मला त्या तक्त्यातच दिसली, सभांच्या नोंदींत ती कुठे नाही. संघाच्या यादीत ‘निर्वासित’ लिहिणाऱ्यांनी कामाच्या यादीत कुणापुढेही काही लिहिलेलं नाही. शेतकरी, खाणीवाले, सुडेटन, सगळ्यांची नावं वर्णानुक्रमे. ओमाच्या भावाचे तास सगळ्यात जास्त. तिला ते माहीत नव्हतं. तिनं आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या हंगामात क्लब शेवटचा आला. पुढे नवं मैदान तयार झालं, आणि २० जून १९४८ च्या रविवारी जुनं मार्क हे चलन गेलं, नवं आलं. माणशी ४० मार्क हातात, मागाहून आणखी २०. बाकीच्या ठेवींचं जवळजवळ पाणी झालं, शेवटी शंभराला साडेसहा मिळाले. सदऱ्यांसाठी जमवलेला क्लबचा निधी असाच गेला. पण मैदान पैशांत नव्हतं, ते राहिलं. त्यावर आता माझी लेक खेळते.

घरी आल्यावर बाबांना फोन केला. त्या काळात आपल्या मंडळात काय चाललं होतं, आजोबांनी काही सांगितलं होतं का? त्यांनी खेळाडूंची टोपणनावं सांगितली, कोण अनवाणी खेळायचा, कुणाच्या लाथेनं चेंडू थेट विहिरीत गेला होता. खरी नावं आठवेनात. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, कुणी लिहून कसं ठेवलं नाही? ते म्हणाले, “अगं, समदी हितंच तर व्हती. लिहायचं कुणासाठी?” यावर काय बोलणार? मी बारा वर्षांपूर्वी पेठ सोडली. मंडळाला दरवर्षी पैसे पाठवते, एकही वर्ष चुकलेलं नाही, आणि एवढ्या लांबून माणूस आणखी काय करणार?

ओमाकडून त्या शनिवारची सही नंतर घेतली. माझे तास दहाच्या वर गेले. वर्षअखेरपर्यंत मैदानावर रेषांची फक्की मारायचं काम मी मागून घेतलं आहे, शनिवारी सकाळी, लेक सोबत दोरी धरते.

परवा बाबांचा फोन आला होता. शंभर पानी वही आणली आहे म्हणाले. शेजारच्या दोन जुन्या खेळाडूंना रविवारी चहाला बोलावलंय. सध्या पहिल्या पानावर तारीख आणि त्याखाली तीन टोपणनावं आहेत.