विभागातला आढाव्याचा दिवस

जळगावच्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाचा वार्षिक आढावा आणि नव्या संशोधकांचे स्वागत एकाच दिवशी होत असे, आणि ज्या ज्येष्ठांनी ही प्रथा घातली त्यांचे मोठेपण निवृत्तीनंतर मला अधिकच जाणवते. जून संपत आलेला असे, यावल-रावेरकडे मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची, लागवड सुरू झालेली असे, आणि गेल्या वर्षीचे काम संपवून निघालेले व नव्याने रुजू झालेले असे दोघेही त्या दिवशी एकाच छताखाली भेटत.

पूर्वी हा मेळावा लहान होता. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आमची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि पीएच.डी.च्या प्रत्येक कागदासाठी पुणे गाठावे लागे. घरची शेती सांभाळून शिकणाऱ्या मुलांना ते परवडत नसे. विद्यापीठ जवळ आले तशी विभागातली गर्दी वाढली, विशेषतः मुलींची, आणि याचा मला आजही मनापासून आनंद आहे.

आढाव्याचा एक नियम ठरलेला होता: जे जमले नाही ते आधी सांगायचे, शोधनिबंध आणि पारितोषिके नंतर. एका वर्षीचे निवेदन मला स्पष्ट आठवते. आमची एक संशोधक विद्यार्थिनी केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणूवर, म्हणजे आपल्याकडचे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात त्या रोगावर, काम करत होती. मावा ही कीड हा रोग पसरवते आणि बांधावरच्या काकडीवर्गीय वेली व तणे विषाणूला आसरा देतात. म्हणून बांधापासूनच्या अंतराप्रमाणे रोगट झाडांची नोंद ठेवण्याचा तिचा बेत होता. पावसाळ्यात ढगाळ हवा लांबली, पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले, आणि ज्यांच्या शेतात प्रयोग होता त्या काकांनी रोगट झाडे मुळासकट उपटून नष्ट केली. निम्म्या नोंदी तिथेच थांबल्या. तिने हे सारे सरळ वाचून दाखवले तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, ‘‘काकांनी केले तेच योग्य, या रोगावर औषध नाही. अहवालात हेही लिहा.’’ समोर बसलेल्या नव्या मुलांच्या चेहऱ्यांवरचा ताण त्या एका वाक्याने सैल झाला. संशोधनात प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजले.

स्वागतात पुष्पगुच्छ दिला जाई, पण खरे स्वागत वहीने होई. जाणारा संशोधक आपली शेतावरची नोंदवही येणाऱ्याच्या हाती देत असे. केळीच्या चिकाचे काळपट डाग पडलेली, पावसात भिजून कडा फुगलेली ती वही उघडली की तारखा, झाडांचे क्रमांक आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या शंका दिसत. वही घेणाऱ्याने त्यातली एक शंका मोठ्याने वाचायची आणि देणाऱ्याने तिच्याविषयी जे ठाऊक असेल ते सांगायचे. अमळनेरकडचे आमचे प्रक्षेत्र सहायक नाना मागून अहिराणीत हमखास सांगत, ‘‘बठ्ठं लिखी ठेवा, भाऊ,’’ म्हणजे सगळे लिहून ठेवा. त्यांनी हाताळलेल्या रोपांइतकी रोपे विभागातल्या कुणीच हाताळलेली नव्हती, त्यामुळे त्यांचा शब्द सगळे मानत.

जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असे. पंगतीत मार्गदर्शक आणि नवखे शेजारी बसत, आणि सभेत विचारायला संकोच वाटलेले प्रश्न बट्टी कुस्करताना सहज विचारले जात. कोणत्या गावात कुणाकडे जायचे, टिश्यू कल्चरच्या रोपांची खेप घेताना काय पाहायचे, विद्यावेतन लांबले तर कुणाशी बोलायचे, हे सारे तिथेच कळे.

यंदाचेही निमंत्रण आले आहे. रुजू होणाऱ्यांमध्ये रावेर तालुक्यातल्या, केळीच्याच घरात वाढलेल्या एका मुलीचे नाव आहे. तिच्या हाती कोणती वही जाणार आणि ती त्यातली कोणती शंका वाचणार, हे ऐकायला मी जाणार आहे.