हा व्हिडिओ कुठे पाठवू?

आजचा अख्खा रविवार अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओंच्या (जपानी अ‍ॅनिमेशनमधली दृश्यं कापून गाण्यावर बसवलेल्या व्हिडिओंच्या) स्पर्धांचे नियम वाचण्यात गेला. बक्षिसाचं नंतर बघू, आधी हे ठरवायचं होतं की माझं काम बघणार कोण.

माझा व्हिडिओ संथ आहे. शेवटी तर नुसता पाऊस आणि रिकामं स्टेशन. लॉस एंजेलिसच्या अ‍ॅनिमे एक्स्पोसारख्या चाहत्यांच्या संमेलनात समोर खचाखच भरलेला हॉल असतो. तिथे विनोदाला आणि मारामारीला शिट्ट्या पडतात, पडायलाच हव्यात! पण कट, म्हणजे दृश्यबदल, गाण्यातल्या शब्दावर घेतला की शब्दाच्या किंचित आधी, हे एडिटरलाच दिसतं. म्हणून अ‍ॅनिमे वीकेंड अटलांटा या संमेलनातली 'प्रो' स्पर्धा मनात भरली. तिथे भाग घेणारेच एकमेकांचं काम जोखतात. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एका चाहत्याने दोन व्हीसीआर जोडून या छंदाची सुरुवात केली, तेव्हापासून हे एकमेकांना दाखवण्याचंच वेड आहे.

चित्रावर सबटायटल किंवा चॅनेलचा लोगो बहुतेक ठिकाणी चालत नाही. काहींना आधी कुठेही न दाखवलेलाच व्हिडिओ हवा असतो. त्यामुळे मित्रांनो, लिंक मागू नका, इतक्यात मिळणार नाही. उद्यापासून ब्लू-रेवरून सगळे शॉट्स पुन्हा घ्यायला बसतोय.