उसवलेल्या माश्यांची डबी

पहिली माशी (इंग्रजीत फ्लाय), म्हणजे मासा फसवायला गळावर पिसं-धागा गुंडाळून केलेला नकली किडा, बांधली १४ जूनला. रात्री जेवणं उरकल्यावर बसलो, सव्वा तास लागला, आणि सकाळी बेसिनच्या नळाखाली धरली तर तिची शेपटी पाण्याबरोबर निघून गेली. खाली उरला कोरा करकरीत गळ. राग आला, पण टाकून न देता ती वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. चार महिन्यांत माझ्या ८४ माश्या बांधून झाल्या, त्यातल्या ३१ आता त्या डबीत आहेत. कुठली माशी कुठून उसवली हे बघून जेवढं शिकलो, तेवढं व्हिडिओ बघून नाही शिकलो.

सुरुवात पावसाळ्यात होण्याचं कारण साधं आहे. जून लागला की ओढे गढूळ होतात, माशांची वीण सुरू होते आणि मी काठी माळ्यावर टाकतो. एरवी आपला माणूस गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यातला. फ्लाय बांधणं म्हणजे साहेबी थेर, असं माझंही मत होतं. मग कळलं की सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या मासेमाऱ्यांची कृती लिहून ठेवली आहे: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं बांधायची. लोकर आईच्या विणकामाच्या पिशवीत आणि कोंबडा कोपऱ्यावरच्या दुकानात! आता सबब कसली सांगणार?

सामान मोजकंच घेतलं. टेबलाच्या कडेला बसून गळ घट्ट धरणारा स्वस्तातला व्हाइस, धाग्याचं रीळ धरणारा बॉबिन, टोकदार कात्री आणि १० नंबरचे गळ. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे विसरून मी आधी १६ नंबरचे मागवून बसलो होतो. ते अजून पुडीत आहेत, चष्म्याचा नंबर बदलल्यावर बघू. गळाच्या भागांना मी आपलीच नावं वापरतो: नेढं, दांडी, बाक आणि आकडी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा. आकडी पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही आणि माझं बोटही वाचतं. बोटाचा अनुभव एकदा घेतलाय, तेवढा पुरे.

पहिल्या सहा माश्या म्हणजे सॅन जुआन वर्म, न्यू मेक्सिकोतल्या एका नदीच्या नावाचं नकली गांडूळ. दांडीवर लाल शेनीलचा, म्हणजे लवदार जाड धाग्याचा, तुकडा दोन जागी बांधायचा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडायची. संपलं. यात न जमण्यासारखं काही नाही, तरी माझी पहिलीच यात सुटली, कारण कोऱ्या दांडीवर थेट शेनील बांधलं होतं. गुळगुळीत पोलादावर काही टिकत नाही. आधी नेढ्यापासून बाकापर्यंत धाग्याची चिकटून चिकटून एक पट्टी गुंडाळायची, मग त्या पट्टीवर बाकीचा संसार.

खरी गोची झाली ती नेढ्यापाशी. उत्साहाच्या भरात आपण माल पुढे पुढे रेटत जातो आणि शेवटी गाठीला जागाच उरत नाही. मग पिसाची मुळं, लोकरीचे तंतू, धाग्याचे वेढे, सगळं नेढ्यावर चढून बसतं. रात्री माशी देखणी दिसते. काठावर गेल्यावर लक्षात येतं की नेढं बुजलंय आणि तंगूस आत जातच नाही. जुलैमधल्या बाराच्या बारा माश्या अशाच गेल्या. तेव्हापासून पहिला वेढा घालण्याआधीच नेढ्यामागे नखाने खूण करतो. दोन नेढी मावतील एवढी जागा रिकामी, आणि माल कितीही खुणावू दे, त्या रेषेपलीकडे जायचं नाही. दुसरा दोष धाग्याचा होता. शिवणाचा दोरा दोन-तीन पदरी पिळाचा असतो, कितीही केलं तरी सपाट बसत नाही, पाच वेढ्यांत माशीचं डोकं मोहरीवरून वाटाण्यावर जातं. माशीसाठीच बनवलेला बारीक, पिळाचा नसलेला धागा आणला. बॉबिन लोंबता सोडून डावीकडे गिरकी दिली की तो फितीसारखा पसरतो. नऊ वेढ्यांचं काम आता चारात होतं.

शेवटच्या गाठीने, म्हणजे व्हिप फिनिशने, पंधरा दिवस छळलं. त्यासाठी एक वाकडंतिकडं हत्यार मिळतं. ते हातात धरून मी ते व्हिडिओतल्या माणसासारखं फिरवायचो आणि धागा माझ्याच करंगळीला गुंडाळला जायचा. शेवटी आईच धावून आली, आणि तेही नकळत. गौरींसाठी गजरे करत बसली होती. दोन कळ्या ठेवल्या, दोऱ्याचा फास बोटावर घेऊन देठांवर टाकला, ओढला, पुढच्या दोन कळ्या. मी बघतच राहिलो, कारण ही तर हाफ हिच! असे तीन फास लागोपाठ टाकून वर नेलपॉलिशचा थेंब दिला की माशीचं डोकं सुटत नाही. नंतर खरी व्हिप फिनिशही समजली. लहानपणी बॅटच्या मुठीला दोरा गुंडाळताना आपण शेवटी एक वेगळा फास खाली दाबून ठेवायचो, त्यावर वेढे घ्यायचो, दोऱ्याचं टोक फासात घालून फास खेचून घ्यायचो. टोक वेढ्यांच्या पोटात गडप. तत्त्व तेच, मैदान तेवढं छोटं. हत्यार मी मित्राला देऊन टाकलं.

पिसांबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे हा माल फुकट आहे आणि बाहेरचे लोक भारतीय कोंबड्याची मान पैसे मोजून घेतात. ब्रॉयलरचं पीस कामाचं नाही, आखूड आणि मेंगळट असतं. गावरान कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची लांब, निमुळती पिसं हवीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "कोंबडा न्या साहेब, पिसं फुकट." नेला. रविवारचा रस्सा उत्तम झाला. पिसं मात्र मी न धुता खोक्यात कोंबली आणि तीन आठवड्यांनी उघडून बघतो तर सगळ्याला कसर लागलेली, दांड्यांभोवती नुसता भुगा. दुसऱ्या कोंबड्याची पिसं भांड्याच्या साबणाने धुतली, पंख्याखाली सुकवली आणि पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये, मटारशेजारी ठेवली. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पांढऱ्या पिसांना रंग द्यायचा म्हणून हळदीच्या पाण्यात उकळली. सुंदर पिवळी झाली. मग जास्तीची हळद काढायला साबण लावला आणि पातेल्यात कुंकू कालवल्यासारखं झालं. शर्टावरच्या वरणाच्या डागाचं काय होतं हे जन्मभर बघूनही मला आठवलं नव्हतं. साबण धुऊन लिंबू पिळल्यावर रंग परत पिवळा आला, पण खिडकीत ठेवलेली पिसं दहा दिवसांत फिकी पडली. चहाचा रंग जास्त टिकाऊ. कडक कोरा चहा, रात्रभर. ओढ्याच्या तळाच्या पाचोळ्याशी मिळता तपकिरी येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एकाने मला रानकोंबड्याची मान देऊ केली होती. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळट ठिपके असतात, आणि सामन मासा धरायच्या जुन्या विलायती माश्यांमध्ये त्यांचा मोठा मान. तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. मी नको म्हटलं, तुम्हीही म्हणा. मोराचं आपोआप गळलेलं पीस घरात असेल तर तेवढ्यात वर्षाचं काम भागतं.

मोरपिसाच्या दांडीवरचे केसाळ, हिरवट तांब्याच्या रंगाचे तंतू म्हणजे माझा सगळ्यात लाडका माल. चार तंतू घ्यायचे, टोकाकडून बांधायचे आणि दांडीवर गुंडाळत पुढे यायचं, की पाण्यातल्या किड्याचं फुगीर अंग तयार. पुढे कोंबडीच्या मऊ पिसाचे दोन वेढे. १२ नंबरच्या गळावर अशा दहा बांधल्या. त्याशिवाय वूली बगर चार. ही माशी पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये काढली असं सांगतात. पिसांची फुलारलेली शेपटी, शेनीलचं अंग आणि त्यावर भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसं शेपटीपासून डोक्यापर्यंत फिरवलेलं लांब पीस.

१९ ऑक्टोबरला मुळशीकडच्या ओढ्यावर गेलो. पाणी निवळलेलं, बंधाऱ्याखाली कमरेएवढा डोह. काठी बारा फुटी, रीळ नाही, टोकालाच तंगूस. बगरने काहीच दिलं नाही, पण उथळ पाण्यात ओढून बघितल्यावर कारण दिसलं. शेपटी दांडीच्या दीडपट ठेवली होती, ती प्रत्येक फेकीला बाकाभोवती लपेटून बसत होती. शिवाय मागून एक मासा येऊन नुसता शेपटीचा शेंडा ओढून जात होता. शेपटी दांडीएवढीच हवी.

मग मोरपिशी लावली. तिसऱ्या फेकीला तंगूस किंचित थबकलं, काठी उचलली, आणि तळहाताएवढी चिलापी. दुसरी आली तेव्हा माशीचा एक तंतू तुटून लोंबत होता. तिसऱ्या झटक्याला सगळं अंग स्प्रिंगसारखं उलगडलं. चिलापीचे दात बारीक असतात, पण खरवडतात. सुदैवाने दहातल्या चार मी वेगळ्या बांधल्या होत्या: तंतू धाग्याभोवती पिळून त्यांचा दोर केला आणि मग तो दोर गुंडाळला. त्यातल्या एकीने पाच चिलापी घेतल्या. घरी आणली तेव्हा तिच्या अंगातून दोन-तीन तुटकी टोकं मिशांसारखी बाहेर आली होती, पण एकही वेढा सुटला नव्हता. ती माशी डबीत गेली नाही. टोपीला लावलीय.

दोघा-तिघांनी विचारलं, खडशीसाठी (म्हणजे महसीरसाठी) कधी बांधणार? कर्नल साइक्सने १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्याच पाण्यात माशी टाकायची तर आधी नाकाला रुमाल बांधावा लागेल. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर कित्येक दशकं खडशीची पिल्लं वाढवतंय म्हणून तरी हा मासा लोकांच्या तोंडी आहे. माझी गाठ अजून तिच्या ताकदीची नाही. चिलापीने उसवलेली माशी घेऊन खडशीकडे जाणं म्हणजे गल्लीत हरून रणजी खेळायला निघणं.

सध्या डोक्यात फ्रँक सॉयर आहे. इंग्लंडातल्या एव्हन नदीचा हा राखणदार फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीची माशी धाग्याशिवाय बांधायचा. बारीक तांब्याची तार हाच त्याचा धागा आणि तेच वजन. तारेसाठी मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेलो. काकांनी विचारलं, "पंखा भरायचाय का?" मी म्हटलं, "नाही, माशी." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग जळालेल्या कॉइलमधून केसाएवढ्या तारेचं वेटोळं काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. फेझंटच्या जागी गावरान कोंबडीच्या शेपटीचे तपकिरी तंतू घेतले. काल रात्री पहिली बांधायला बसलो. जळकी तार ठिसूळ झालेली असते, हे डोक्याशी आल्यावर, शेवटच्या दोन वेढ्यांत कळलं. तुटली आणि सगळं अंग मांडीवर सांडलं. वरचे आकडे आता ८५ आणि ३२ असे वाचावेत. उद्या काकांकडे नवी तार मागायला जाणार आहे, या खेपेला पैसे देऊन.