तिठ्याचा निधी आणि अपुरी फाइल

गोव्यातील महामार्गांची चर्चा बहुधा पुलांभोवती फिरते. झुआरी नदीवरील नव्या आठपदरी पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि जुन्या पुलावर तासन्‌तास अडकून पडलेल्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु पूल रुंद झाला की वाहने पुढच्या तिठ्यावर लवकर पोहोचतात, आणि त्या तिठ्याची क्षमता वाढलेली नसेल तर कोंडी फक्त जागा बदलते. गोव्याच्या उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीहून दक्षिण सीमेवरच्या पोळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि फोंड्याहून बोरीमार्गे मुरगावकडे जाणारा ५६६ हे दोन्ही वेर्ण्याच्या परिसरात एकत्र येतात. बंदराचे ट्रक, औद्योगिक वसाहतीच्या बसगाड्या, दाबोळी विमानतळाच्या टॅक्सी आणि गावातल्या दुचाक्या यांना तेथून वाट काढावी लागते. अशा ठिकाणांच्या सुधारणेसाठी पैसा कसा मिळतो, याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. रस्त्यांच्या प्रकल्प अहवालांवर काही काळ काम केलेला फोंड्याचा रहिवासी म्हणून मला ते सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

पेट्रोल आणि डिझेलवरील उपकरातून केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी उभा राहतो. या निधीतून राज्य रस्त्यांसाठी जो वाटा मिळतो, तो ठरवताना राज्याच्या क्षेत्रफळाला ७० टक्के आणि इंधनाच्या वापराला ३० टक्के महत्त्व दिले जाते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याला या सूत्रातून फारसे काही मिळणे शक्य नाही. इंधनाचा वापर पर्यटकांमुळे कितीही वाढला तरी क्षेत्रफळ वाढत नाही. केंद्राचे पन्नास वर्षे मुदतीचे बिनव्याजी साहाय्य राज्यांना मिळते, पण ते कर्ज आहे, अनुदान नव्हे. त्यामुळे मोठ्या इंटरचेंजसाठी, म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवरचे रस्ते उड्डाणपुलांनी आणि उतारांनी जोडणाऱ्या रचनेसाठी, आपली खरी वाट म्हणजे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक आराखड्यात राष्ट्रीय महामार्गाचे काम म्हणून स्थान मिळवणे ही होय. येथे पहिली अडचण येते. तिठ्याच्या दोन बाजू राष्ट्रीय महामार्गाच्या असतात, तिसरी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असते आणि चौथी असलीच तर ती कधी पंचायतीच्या ताब्यात असते. महामार्गासाठी दिलेला पैसा गावच्या जोडरस्त्यावर मुक्तपणे खर्चता येत नाही. म्हणून जोडरस्त्यांची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात त्याच वर्षी झालेली नसेल, तर उड्डाणपूल उभा राहूनही खालचा गुंता तसाच राहतो.

मंत्रालयाला पटवण्यासाठी आकडे लागतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या इंटरचेंजविषयक मार्गदर्शिकेत सर्व बाजूंची एकत्रित वाहतूक ताशी १०,००० पीसीयूच्या वर गेली की समतल (एकाच पातळीवरचा) चौक अपुरा समजावा, असा निकष आहे. पीसीयू म्हणजे प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात धरून केलेली गणना. ही मोजणी साधारणपणे सलग सात दिवस, रात्रंदिवस केली जाते. ती कोणत्या महिन्यात होते, हा गोव्यात अत्यंत निर्णायक मुद्दा आहे. भर पावसात रस्त्यावर पर्यटकांची वाहने कमी असतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चित्र संपूर्ण वेगळे असते. एकच मोजणी पावसाळ्यात करून पाठवलेला प्रस्ताव स्वतःच्याच आकड्यांनी दुबळा होतो.

अपघातांच्या नोंदीचेही तसेच आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ मानतात आणि तिच्या दुरुस्तीला प्राधान्य मिळते. पोलिसांच्या नोंदीत केवळ गावाचे नाव असेल, नेमके स्थान नसेल, तर एकाच तिठ्यावरचे अपघात कागदावर विखुरले जातात आणि निकष पूर्ण होत नाही. गेलेल्या जिवांची नोंदसुद्धा नीट होऊ नये, हे मला सर्वांत असह्य वाटते.

या सगळ्यावर मात करता येईल, पण जमिनीच्या प्रश्नावर फार थोड्यांनी गंभीरपणे विचार केलेला आहे. इंटरचेंजच्या रॅम्पसाठी, म्हणजे चढ-उताराच्या जोडरस्त्यांसाठी, सर्व कोपऱ्यांत जागा लागते आणि गोव्यात त्या कोपऱ्यांवर कोमुनिदादचे (गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचे) शेत, कुळाचा हक्क, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर, एखादे देऊळ किंवा खुरीस (क्रूस) असतो. सात-बाराऐवजी येथे एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे, कसणारा कोण, मोबदला कोणाला, हे प्रश्न अनेकदा न्यायालयापर्यंत जातात. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ मधील कलम ३अ ची, म्हणजे जमीन संपादनाचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाल्यावर एका वर्षात कलम ३ड ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, घोषणा झाली नाही, तर पहिली अधिसूचना निष्प्रभ ठरते आणि सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते. फोंडा तालुक्यातील भोम गावच्या लोकांनी महामार्गाच्या रुंदीकरणाला केलेला विरोध आपण पाहिला आहे. घरे आणि देवळे यांविषयीची त्यांची काळजी मला पूर्णपणे रास्त वाटते. त्यातून प्रशासनाने घ्यायचा बोध एवढाच की आराखडा ग्रामसभेत निविदेनंतर नव्हे, तर रेषा पक्की होण्यापूर्वी आणावा. भुयारी मार्ग कोठे हवा, शेतात पाणी कोणत्या मोरीतून जाते, शाळेची मुले कोठून ओलांडतात, हे गावकऱ्यांइतके सल्लागार कंपनीला ठाऊक नसते.

याच टप्प्यावर वीजवाहिन्या आणि जलवाहिन्याही तपासाव्यात. फोंडा परिसरात ओपा पाणीपुरवठा प्रकल्पाच्या वाहिन्या कोठून जातात, ते नकाशावर आधीच आले, तर त्या हलवण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरता येतो; अन्यथा मंजूर रकमेत तो बसत नाही आणि काम मध्येच थांबते. केंद्रीय निधीचे पुढचे हप्ते उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असल्याने असे थांबलेले काम नंतरच्या प्रस्तावांनाही मागे ओढते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. वेर्णा आणि फोंडा या दोन्ही परिसरांतील महामार्गांच्या तिठ्यांवर पावसाळ्यात एक आणि डिसेंबरमध्ये एक अशी दुहेरी मोजणी व्हावी, अपघातस्थळे अक्षांश-रेखांशासह नोंदली जावीत, आणि लागणाऱ्या जमिनीचे उतारे, कुळे व मुंडकार यांची यादी संबंधित पंचायतींच्या ग्रामसभांपुढे ठेवून मगच पुढच्या वार्षिक आराखड्यासाठी प्रस्ताव दिल्लीला पाठवावा.