पोटावरचा काळानिळा डाग आणि औषधांची पिशवी

जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सत्तरीच्या एका काकूंना त्यांची सून आमच्या रुग्णालयात घेऊन आली. बेंबीखाली उजवीकडे तळहाताएवढा काळानिळा डाग होता आणि त्याखाली दुखरी, घट्ट गाठ लागत होती. विचारण्यापूर्वीच सूनबाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आई पडल्या नाहीत हो.’’ वृद्धांच्या अंगावर असे वण दिसले की संशय घरच्यांवर जातो, हे त्यांना ठाऊक असावे. तरीही मी काकूंशी एकांतात बोललो, कारण तो प्रश्न टाळणे योग्य नसते. मार लागलेला नव्हता.

अशा वेळी आम्हां डॉक्टरांना आधी स्वादुपिंडाचा तीव्र दाह आठवतो. बेंबीभोवतीच्या निळेपणाची नोंद कलन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1918 मध्ये गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा फुटलेल्या रुग्णेत केली होती, तर कुशीवरच्या डागाची नोंद ग्रे टर्नर या शल्यचिकित्सकांनी 1920 मध्ये स्वादुपिंडदाहात केली. मात्र ही चिन्हे क्वचित दिसतात, आणि आतले रक्त त्वचेपर्यंत झिरपायला वेळ लागत असल्याने उशिरा दिसतात. काकूंना उलट्या नव्हत्या आणि स्वादुपिंडदाहात रक्तात वाढणारे लायपेज हे विकरही सामान्य आले. डेंग्यूत किंवा यकृताच्या आजारात रक्त नीट गोठत नाही, पण तेव्हा डाग सहसा एकाच जागी थांबत नाहीत. इन्सुलिनच्या सुया टोचल्यानेही पोटावर डाग पडतात. काकूंना मधुमेह नव्हता.

मी त्यांना उताणे झोपवून मान उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू ताणले गेले तशी वेदना वाढली आणि गाठ हाताला तशीच लागत राहिली, म्हणजे ती पोटाच्या आत नसून भिंतीत होती. सूनबाईंनी औषधांची पिशवी उघडली, तेव्हा कारण हाती आले. हृदयात कृत्रिम धातूची झडप असल्याने काकू वर्षानुवर्षे वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत होत्या. त्यात जुलाबांसाठी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक सुरू झाले होते. त्यामुळे यकृतात वॉरफेरिनचे विघटन मंदावते आणि रक्त प्रमाणाबाहेर पातळ होते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर हा आकडा 3 च्या आसपास हवा होता, तो 7.8 निघाला. त्यातच थंडीतला खोकला! एका जोरदार ढासेने पोटाच्या सरळ स्नायूतील रक्तवाहिनी फाटली असावी. सीटी स्कॅनमध्ये त्या स्नायूच्या आवरणात साठलेले रक्त स्पष्ट दिसले.

खरा पेच उपचारात होता. रक्तस्राव थांबवायचा, पण झडपेवर गुठळीही होऊ द्यायची नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून वॉरफेरिन थांबवले, वॉरफेरिनचा परिणाम उलटवणारे व्हिटॅमिन के अगदी कमी मात्रेत दिले आणि हिमोग्लोबिन घसरू लागल्यावर प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) व रक्त चढवले. शस्त्रक्रिया लागली नाही. रक्तस्राव थांबल्याची खात्री पटल्यावर झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून देखरेखीखाली हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन सुरू केले. घरी गेल्यावर डाग जांघेपर्यंत पसरला म्हणून सूनबाई घाबरून पुन्हा आल्या. ते साठलेले रक्तच खाली उतरत होते आणि सोनोग्राफीत गाठ लहान झालेली होती.