रविवार आधीच राखून ठेवावा लागतो

रविवार, रात्री

आपल्या श्रद्धेला आज फारसं कुणी अडवत नाही. ती कुणाच्या वेळापत्रकातच नसते, एवढंच. तरुण कॅथलिकाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, वादविवादात हरून क्वचितच सुटते. सकाळी मॅच असते, आदल्या रात्री झोपायला तीन वाजलेले असतात, आणि ‘संध्याकाळी जाऊ’ म्हणता म्हणता संध्याकाळही निघून जाते.

म्हणून रविवारची मिस्सा गुरुवारीच ठरवून टाकावी. बाहेरगावी जायचं असेल तर तिकीट काढतानाच तिथल्या चर्चच्या वेळा बघाव्यात आणि फोनही करावा. नेटवरच्या वेळा बऱ्याचदा जुन्या असतात. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर स्वीकारण्याच्या, आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. हा तास कम्युनियनपासून मागे मोजायचा, मिस्सेच्या सुरुवातीपासून नाही.

मित्रांना ‘जरा काम आहे’ सांगू नये. ‘मी मिस्सेला जातोय, साडेअकराला येतो’ एवढं पुरे. लपवलं की दर आठवड्याला नवं निमित्त शोधावं लागतं, आणि मग निमित्त शोधण्यापेक्षा मिस्सा सोडणंच सोपं वाटू लागतं.

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस. वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत एकच पूर्ण जेवण, शिवाय दोनदा थोडंसं खाता येतं. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 पूर्ण झाल्यावर लागू होतो. उपवासकाळातल्या शुक्रवारीही मांस वर्ज्य असतं; ऑफिसचं जेवण नेमकं त्या दिवशी ठरलं, तर ऑर्डर जाण्याआधी सांगावं. ताट समोर आल्यावर सांगितलं की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यात लवकर सुटतो तो प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूसमोर पापनिवेदन करून क्षमा मिळवणं. सहा महिने गेले की लाज वाटते, लाजेपोटी आणखी वर्ष जातं. गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं, असा चर्चचा नियम आहे. माझ्या मते महिन्याला एकदा बरं, कारण तेवढ्या काळातलं नीट आठवतं. आधी दहा मिनिटं शांत बसून दहा आज्ञांच्या क्रमाने मन तपासावं. आत गेल्यावर शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगावं, मग गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, एवढंच. चुकतं ते इथे: आपण गोष्ट सांगायला लागतो, समोरच्याचं काय चुकलं ते मांडतो, आणि आपलं पाप त्यात बुडून जातं. दुसऱ्याचं नाव घेण्याची गरजच नसते. फार दिवसांनी आलो असू तर तसं सरळ म्हणावं, ‘फादर, क्रम विसरलोय’. ते पुढे नेतात. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही माफ होतं; गंभीर असेल आणि नंतर आठवलं, तर पुढच्या वेळी सांगायचं.

कॉम्प्युटरची आवड असलेल्या कार्लो अकुतिस या इटालियन मुलाला 7 सप्टेंबर 2025 रोजी संत घोषित केलं. तो 2006 मध्ये, पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या कॉम्प्युटरबद्दलच सगळे बोलतात. मला त्याची रोजची मिस्सा जास्त मोलाची वाटते. सातव्या वर्षी पहिलं कम्युनियन घेतल्यापासून त्याने ती धरून ठेवली. रोज जमणार नसेल, तर रविवारखेरीज आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि बरोबर एखादा सोबती गाठावा. कुणीतरी दाराशी वाट बघतंय म्हटलं की पाऊल आपोआप निघतं.