तीन लिप्यांची संदर्भसूची

सीमाभागाच्या इतिहासावरचा प्रबंध. मजकूर मराठी, संदर्भ मराठी, कन्नड आणि इंग्रजी. खानापूरच्या संशोधक मॅडम दुपारी पेनड्राइव्ह घेऊन आल्या. "सर, पीडीएफ आजच पायजे होती की. वर्ड कॉपीपण द्या म्हणालेत."

प्रकरणं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलींत होती आणि संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या प्रोग्राममध्ये. एवढी शिस्त असली की पुढचं काम पॅनडॉकच्या, म्हणजे एका प्रकारच्या फाइलीतून दुसरी बनवणाऱ्या प्रोग्रामच्या, एका कमांडचं. ती चालवली आणि पीडीएफ निघालीही. सूचीत मात्र कन्नड पुस्तकांच्या जागी नुसते स्वल्पविराम, कंस आणि साल.

हा दोष फॉन्टचा. पीडीएफसाठी पानं जुळवणारं झीलाटेक हे इंजिन सांगितलेलाच फॉन्ट धरतं आणि त्यात अक्षर सापडलं नाही तर आपणहून दुसरा फॉन्ट शोधत नाही. लॉगमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशी ओळ टाकतं आणि पुढे जातं. काम थांबत नाही, म्हणूनच हे धोक्याचं. म्हणून इंजिन बदलून लुआलाटेक घेतलं. मुख्य फॉन्ट आयआयटी मुंबईचा शोभिका, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. मुख्य फॉन्टात अक्षर नसेल तर कुठला वापरायचा हे सांगणाऱ्या पॅनडॉकच्या 'मेनफॉन्टफॉलबॅक' या व्हेरिएबलमध्ये नोटो सेरिफ कन्नड दिला. दोन्हींना हार्फबझ हा अक्षरांची जुळणी करणारा रेंडरर सांगावाच लागतो. तो न सांगता जोडाक्षरांचा भरवसा धरू नये, आणि कन्नडमधल्या ओत्ताक्षरांचा, म्हणजे खाली लागणाऱ्या जोडव्यंजनांचा, तर नाहीच. पर्याय म्हणून प्रत्येक कन्नड शीर्षकाला भाषेची खूण लावता येते, पण शेकड्यांनी नोंदी असताना तो उद्योग कोण करणार?

अक्षरं दिसायला लागल्यावर खरं दुखणं वर आलं. मजकुरात कंसात 'सरकार' आणि साल. हे सरकार कोण? 'कर्नाटक सरकार' ही नोंद नाव आणि आडनाव अशी दोन तुकड्यांत गेली होती. संस्था लेखक असेल तर झोटेरोत नावाचा खाना एकेरी करायचा, संदर्भ बिबटेक प्रकारच्या फाइलीत असतील तर नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घालायचे. या विषयात असे लेखक पावलोपावली भेटतात: 1955 साली अहवाल देणारा राज्य पुनर्रचना आयोग, 1967 सालचा महाजन आयोगाचा अहवाल, शिवाय दोन्हीकडची सरकारं. कन्नड नावांची तऱ्हा आणखी वेगळी. 'बसवराज के.' अशा धाटणीचं नाव आलं की संदर्भ लावणारा प्रोग्राम 'के.' ला आडनाव समजतो आणि सूचीत ती नोंद भलत्याच जागी जाते. मराठीत 'गुरुजी' आणि 'शास्त्री' हीच खोडी करतात. अशी नावं आम्ही एकेरी खान्यात टाकली आणि सूचीत जसं दिसायला हवं तसंच, 'आडनाव, नाव' या क्रमाने हाताने लिहिली. मजकुरात मग पूर्ण नाव उमटतं. ते नको असेल तिथे संदर्भखुणेतून लेखक दडवून आडनाव वाक्यात घालायचं. कंटाळवाणं आहे, पण नक्की आहे.

सालांचं वेगळंच. मॅडमनी झोटेरोत तारखा देवनागरी आकड्यांत भरल्या होत्या. झोटेरोतून पॅनडॉकला संदर्भ देणाऱ्या सीएसएल जेसन फाइलीत तारखेला पूर्णांक लागतो, आणि '१९६७' हा त्या फाइलीच्या लेखी आकडाच नाही. त्यामुळे सालानुसार क्रमही बिघडतो. साठवताना आकडे इंग्रजीच ठेवायचे आणि छापताना बदलायचे. त्यासाठी छोटं लुआ फिल्टर, म्हणजे पॅनडॉकच्या वाटेत मजकूर बदलणारा प्रोग्राम, लिहिलं. कमांडमध्ये ते 'साइटप्रॉक'च्या, म्हणजे संदर्भ आणि सूची तयार करणाऱ्या भागाच्या, नंतर यायला हवं, कारण फिल्टरं दिलेल्या क्रमानेच चालतात. आधी ठेवलं तर सूची तयारच झालेली नसते. ज्या नोंदीत देवनागरी अक्षर असेल तेवढ्याच नोंदीचे आकडे बदलायचे आणि लिंकच्या आतला मजकूर वगळायचा. नाहीतर वेबपत्त्यातले आकडेही मराठी होऊन बसतात.

अकारविल्हे क्रमात रोमन आधी, मग देवनागरी, मग कन्नड असं येत होतं. विभागाला मराठी वर हवं होतं. झोटेरोच्या 'कॉल नंबर' खान्यात 1, 2, 3 भरले आणि सूचीची मांडणी ठरवणाऱ्या स्टाइलच्या फाइलीत क्रम लावण्याचा पहिला निकष तोच केला. 'संपा.', 'पृ.', 'व इतर' याही संज्ञा त्याच फाइलीत लिहून टाकल्या.

मधेच मॅडमनी सुचवलं, "सगळीकडे बेळगावी करून टाकूया काय?" शहराचं अधिकृत इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं. पण कॅम्पबेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 1884 सालचा एकविसावा खंड छापला गेला तो 'बेलगाम' या नावाने. शीर्षक आणि प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापलंय तसंच राहिलं पाहिजे, नाहीतर ग्रंथालयात शोधणाऱ्याला पुस्तक सापडणार नाही. आजचं नाव लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात. फाइंड-रिप्लेसला संदर्भाच्या फाइलीजवळ फिरकू देऊ नये, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

काही संदर्भांच्या जागी किल्ली, म्हणजे मजकुरातून नोंद ओळखायचं छोटं नाव, ठळक अक्षरांत आणि पुढे प्रश्नचिन्ह येत होतं. किल्ल्या देवनागरीत होत्या आणि नावात 'ऱ' होता. तो एकच कोड म्हणून लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असाही. डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. किल्ल्या रोमन केल्या, प्रश्न मिटला.

पीडीएफ संध्याकाळी झाली. वर्डसाठी संदर्भ-डॉक्युमेंट, म्हणजे पॅनडॉक जिच्यातून स्टाइली उचलतो ती नमुना फाइल, वेगळं लागतं. त्यात प्रत्येक स्टाइलचा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' फॉन्ट आणि आकार स्वतंत्र असतो. देवनागरी आणि कन्नड दोन्ही तिथूनच घेतल्या जातात. नेहमीच्या खान्यात फॉन्ट बदलून काही होत नाही. निर्मला यूआय दिला, दोन्ही लिप्या त्यात आहेत.

मार्गदर्शक दुरुस्त्या वर्डमध्येच करतील. पॅनडॉक त्या बदलांच्या खुणांसकट वाचू शकतो, पण संदर्भ तोवर साधा मजकूर झालेले असतात, किल्ल्या परत येत नाहीत. म्हणून दुरुस्त्या एकेक करून मूळ मार्कडाउनमध्येच घालायला मॅडमना सांगितलं.